तुमचे प्रश्न: चिपीला धावपट्टी आहे, मग विमान का टिकत नाही?

गेल्या अंकात दोन ओळी टाकल्या होत्या की सिंधुदुर्ग विमानतळाबद्दल, म्हणजे आपल्या चिपीबद्दल, काही शंका असतील तर पाठवा. त्यावर एवढं आलंय की संपादक म्हणाले, या वेळी दुसरा विषय घेऊच नका. अर्ध्या पत्रांत प्रश्न नव्हतेच, नुसत्या शिव्या होत्या, त्या बाजूला ठेवल्यात. कोणाला शिव्या ते विचारू नका, मला याच जिल्ह्यात राहायचंय. उरलेल्यातले काही घेतोय, बाकीच्यांनी रागावू नये.

"आमच्या गावाक विमानतळ इलो, जमीन गेली, रस्तो झालो, उद्घाटनाक मंत्री इले. पण मुंबईचा विमान काय टिकला नाय. विमानच नाय तर विमानतळ कित्याक?"
परुळे परिसरातले एक वाचक

काका, तुमचा प्रश्न पहिला घेतला कारण बाकीचे निम्मे प्रश्न याच्याच पोटात आहेत. उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे डोक्यातून काढूया की विमानतळ झाला म्हणजे विमान येणारच. गावात एसटीचा डेपो आहे म्हणून तुमच्या वाडीला गाडी येतेच का? तसंच आहे हे. विमानतळ बांधणारा वेगळा (चिपीला एमआयडीसीसाठी आयआरबी या खासगी कंपनीने बांधला), लायसन्स देणारं डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं केंद्राचं खातं, वेगळं, आणि विमान उडवणारी कंपनी तिसरीच, जिच्यावर कोणाचीच सक्ती नसते. ती फक्त एवढंच बघते की या मार्गावर वर्षभर सीटा भरतात का. आपण सगळे पहिल्या दोघांना शिव्या घालत बसतो आणि तिसऱ्याचा हिशोब कोणी मांडतच नाही.

आता मागचं थोडं आठवा. चाचणीचं विमान चिपीवर उतरलं 2018 च्या सप्टेंबरात, ऐन चतुर्थीच्या तोंडावर, आणि प्रवासी विमान सुरू झालं 9 ऑक्टोबर 2021 ला. मधली तीन वर्षं "येत्या महिन्यात" करत गेली. उद्घाटनाच्या दिवशी उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच स्टेजवर होते, ज्योतिरादित्य शिंदे ऑनलाइन होते, आणि लोकांनी विमानापेक्षा भाषणातल्या टोमण्यांकडेच जास्त लक्ष दिलं. माझ्या मते गडबड तिथूनच सुरू झाली, कारण विमान कोणी आणलं यावर जेवढी चर्चा झाली त्याच्या दहा टक्केसुद्धा ते चालणार कसं यावर झाली नाही.

ते चालणार होतं उडान योजनेवर. म्हणजे काय, तर छोट्या गावांच्या मार्गावर कंपनीने साधारण निम्म्या सीटा ठरलेल्या कमी भाड्यात द्यायच्या (योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास) आणि त्यात जो तोटा येईल तो व्हीजीएफ म्हणून सरकारने भरून द्यायचा. यातला मोठा वाटा केंद्राच्या फंडातून येतो, आणि तो फंड जमतो मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून घेतलेल्या लेव्हीतून, उरलेला वाटा राज्याचा. पण हे सगळं तीन वर्षांपुरतं! 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं अलायन्स एअरचं मुंबई-चिपी विमान 2024 च्या ऑक्टोबरात बंद झालं, हा काही योगायोग नव्हे. मदत संपली, विमान संपलं.

आणि हे फक्त आपल्याच नशिबी आलंय असं समजू नका. 2023 मध्ये कॅगने, म्हणजे सरकारचे हिशोब तपासणाऱ्यांनी, उडानवर रिपोर्ट दिला त्यात होतं की उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत 774 मार्ग मंजूर झाले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या 371 पैकी तीन वर्षं पूर्ण केली फक्त 112 मार्गांनी, आणि मदत संपल्यावरही टिकले ते 54. म्हणजे मंजूर झालेल्या शंभरात सात. तेव्हा चिपीला कोणीतरी दृष्ट लावली वगैरे काही नाही, देशभर हेच चाललंय.

आता खरी गोम. आपला प्रवासी कोण? चाकरमानी. तो येतो कधी? चतुर्थीला, शिमग्याला, मे महिन्यात. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईहून येणारं 70 सीटचं एटीआर (बाहेर पंखे असलेलं छोटं विमान) फुल्ल असणार यात शंकाच नाही, पण तेच विमान परत मुंबईला जाताना त्यात कोण बसणार हो? गौरी-गणपती गेले की उलटं, जाताना फुल्ल आणि येताना रिकामं. म्हणजे ऐन सीझनमध्येसुद्धा कंपनीच्या हाती अर्धंच विमान लागतं, आणि जुलैतल्या मंगळवारी तर विचारूच नका. त्यात आपला जिल्हा मुळात छोटा, 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आत, आणि तोही 2001 पेक्षा कमी झालेला. राज्यात ज्यांची लोकसंख्या घटली अशा मोजक्या जिल्ह्यांत आपण आहोत. गावातली माणसं मुंबईत आहेत म्हणून विमान हवंय आणि गावात माणसं नाहीत म्हणून ते टिकत नाही, असा हा तिढा आहे.

दुसरी अडचण मुंबईची. तिथे दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना कापतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि एकेका स्लॉटसाठी, म्हणजे उतरायच्या-सुटायच्या ठरलेल्या वेळेसाठी, मारामारी. आपलं 70 सीटचं विमान जेवढी वेळ धावपट्टी अडवतं तेवढ्याच वेळात दिल्लीचं 180 सीटचं विमान सुटतं. सांगा, स्लॉट कोणाला मिळेल? म्हणून छोट्या गावांच्या विमानांना दुपारची अडनिडी वेळ येते, जी ना मिटिंगवाल्याला उपयोगी ना हॉस्पिटलला जाणाऱ्याला.

मग आशा आहे की नाही? आहे, पण मुंबईच्या जुन्या विमानतळाकडून मला फारशी वाटत नाही. पुण्याचं बघा, 2024 च्या ऑगस्टअखेर फ्लाय 91 या विमान कंपनीने पुणे-चिपी सुरू केलं, कारण पुण्याहून कोकणात यायला रेल्वेची सोय मुंबईसारखी नाही आणि घाट उतरून गाडीने येणं म्हणजे कंबरेचं काम, तर तिथे विमानाला खरी गरज आहे. दुसरं, नवी मुंबईचा विमानतळ, 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं सुटायला लागली. आपला चाकरमानी आता दादर-परळला थोडाच उरलाय, तो कल्याण, डोंबिवली, पनवेल, कामोठ्यात आहे, त्याला ते जवळचं. तिसरं, सोलापूर-मुंबई विमानासाठी 2025 मध्ये राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून व्हीजीएफ द्यायचा निर्णय घेतला. सोलापूरला मिळतं तर आपल्याला का नाही, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

तेव्हा काका, पुढच्या वेळी कोणी नेता वाडीत आला आणि म्हणाला की विमान लवकरच सुरू होणार, तर टाळ्या वाजवायच्या आधी तीन गोष्टी विचारा: कुठल्या वेळेचा स्लॉट, आठवड्यातून किती दिवस, आणि तोटा किती वर्षं कोण भरणार. तिन्हीची उत्तरं मिळाली तर हार घाला, नाहीतर नुसता चहा पाजा.

"आम्ही सावंतवाडीचे. चिपी आपल्या जिल्ह्याचा म्हणून तिथूनच जावं असं यजमानांचं म्हणणं, मला मोपा बरा वाटतो. भांडण मिटवा."
सावंतवाडीच्या एक वाचक

वहिनी, भांडणात पडायची माझी पद्धत नाही, पण या वेळी तुमच्या बाजूने. मोपा (नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण सगळे मोपाच म्हणतात) गोव्याचा असला तरी पेडण्यात आहे, बांद्याच्या जवळ. 5 जानेवारी 2023 पासून सुरू आहे आणि तिथून देशभरात विमानं जातात. एखादं रद्द झालं तरी त्याच दिवशी दुसरं मिळायची शक्यता असते, चिपीला तसं नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग यांना मोपाच सोयीचा, यात जिल्ह्याचा अभिमान आणायचं काही कारण नाही. मालवण, परुळे, कुडाळ, वेंगुर्ल्याचा वरचा भाग यांनी आधी चिपीचं टाइमटेबल बघावं. कणकवलीवाल्याने सरळ ट्रेन धरावी. वंदे भारत थांबते तिथे, आणि घरातून निघून विमानतळ, तिथे तासभर आधी पोचणं, मुंबईत उतरून सामान घेणं, मग टॅक्सी, असा सगळा वेळ धरला तर विमानाचा फायदा फार उरत नाही. देवगडवाल्यांनी तर विमानाचा विषय काढू नये, त्यांना चिपीला पोचेपर्यंतच भूक लागते.

एक मात्र यजमानांना सांगा की त्यांचं दुखणं खोटं नाही. मोपा सुरू झाल्यावर चिपीचा दक्षिणेकडचा गिऱ्हाईक गेलाच, आणि इकडे उतरू शकला असता असा बाहेरचा पर्यटकही बराचसा तिकडेच उतरतो.

"पावसात विमान वरपर्यंत येतं, घिरट्या घालतं आणि न उतरताच परत जातं. पायलट घाबरतात का?"
कुडाळचे एक कॉलेज विद्यार्थी

घाबरत नाहीत रे, नियम पाळतात. विमान उतरवायच्या ढोबळ दोन पद्धती धर. एक डोळ्यांनी बघून, त्याला व्हीएफआर म्हणतात, त्यात साधारण पाच किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसायला लागतं आणि ढगही पुरेसे उंच लागतात. दुसरी यंत्रावर. त्यात आयएलएस नावाची यंत्रणा धावपट्टीपासून रेडिओचे दोन पट्टे सोडते, एक डावं-उजवं सांगतो, दुसरा वर-खाली, आणि त्याच्या आधाराने पायलट ढगातून खाली येतो. अगदी साध्या आयएलएसवरसुद्धा जमिनीपासून 200 फुटांवर येईपर्यंत धावपट्टी दिसली नाही तरी चालतं. ज्या विमानतळावर ही यंत्रणा नाही किंवा त्या पद्धतीचा परवाना नाही तिथे ढग खाली आले की खेळ खल्लास.

आणि आपला पाऊस तर तुला माहीतच आहे. चिपी सड्यावर, म्हणजे उंच कातळी पठारावर आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर, ढग कधी कधी सड्याला टेकूनच सरकतात, पंधरा मिनिटांत कडक ऊन आणि पुढच्या पाच मिनिटांत समोरचा माणूस दिसत नाही. पायलट थोडा वेळ वर थांबतो, कारण सर सरकून जाईल अशी आशा असते, पण परत जाण्यापुरतं इंधन राखून ठेवावंच लागतं, ती सीमा आली की तो वळतो. मला विचारशील तर जो पायलट वळतो त्याच्याच विमानात मी बसेन.

व्यवहाराचं बोलायचं तर जून ते सप्टेंबर विमानाचं तिकीट काढलंस तर पुढचं काहीही, म्हणजे परदेशचं विमान, मुलाखत, परीक्षा, त्याच दिवशी ठेवू नकोस. विमान रद्द झालं तर कंपनीला रिफंड किंवा दुसरं विमान, दोन्हीतलं तुला हवं ते द्यावं लागतं, "क्रेडिट शेल घ्या" (म्हणजे पैसे आमच्याकडेच ठेवा, पुढच्या तिकिटाला वापरा) म्हणाले तर नाही म्हणायचा हक्क तुझा. पण कारण हवामान असेल तर त्यावर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. रद्द झाल्याचा मेसेज येतो तो तिकिटात दिलेल्या नंबरवर, आणि एजंटने तिकीट काढलं असेल तर तिथे बहुतेक वेळा त्याचाच नंबर असतो. हे आधी तपासून घे.

"माझी हापूसची चारशे कलमं आहेत. आंबा चिपीहून विमानाने पाठवता आला तर दलालाच्या हातून सुटका होईल का?"
देवगड तालुक्यातले एक बागायतदार

होईल असं म्हणायला मला आवडलं असतं. उद्घाटनाच्या वेळी "आता आंबा थेट विमानाने" हे वाक्य जवळपास प्रत्येकाने वापरलं होतं, कृषी उडान म्हणून केंद्राची योजनाही आहे. पण एटीआरच्या पोटात जागा किती असते ते बघा. 70 प्रवासी, प्रत्येकाची पंधरा किलोची बॅग, एवढं भरल्यावर वजनाची जी मर्यादा उरते ती काही शे किलोंची. समजा 500 किलो मिळाले, तर पाच डझनाची पेटी पंधरा किलोच्या वर जाते, म्हणजे झाल्या तीसेक पेट्या. तुमच्या चारशे कलमांचं एका चांगल्या दिवसाचं उत्पन्न त्यात मावणार नाही, तालुक्याचं सोडाच. प्रवासी जास्त आले तर पेट्या खाली उतरणार ते वेगळंच, कारण पहिला हक्क माणसांचा.

आणि मुळात आंब्याला एवढी घाई आहे का? तुम्हीच सांगा, संध्याकाळी पेट्या गाडीत चढल्या की सकाळी वाशीच्या मार्केटला लागतात. आंबा आपण कच्चा काढतो, अढी वाशीत किंवा गिऱ्हाइकाच्या घरी लागते, एका रात्रीने त्याचं काही बिघडत नाही. जे बिघडतं ते हायवेच्या खड्ड्यांनी आणि पेट्या चढवता-उतरवताना आपटल्याने, आणि ते दुखणं विमानाने जात नाही.

निर्यातीचं म्हणाल तर तिथेही वाट वाशीतूनच आहे. अमेरिकेने आपला आंबा 2007 मध्ये घ्यायला सुरुवात केली तीच विकिरण करून घेण्याच्या अटीवर, युरोपला गरम पाण्याची प्रक्रिया लागते, जपानला बाष्पाची. या सोयी वाशीसारख्या मोजक्या ठिकाणी आहेत, तिथेच तपासणी, तिथलाच शिक्का, मग मुंबईहून विमान. चिपीहून आंबा थेट दुबई-लंडनला जायचा असेल तर आधी ती पॅकहाऊसं, कोल्ड स्टोरेज, कस्टम्स आणि प्लांट क्वारंटाइनची माणसं इकडे यायला हवीत. धावपट्टी 2500 मीटरची आहे, एअरबससारखं विमान उतरेल एवढी, तेव्हा अडचण तिच्या लांबीची नाही. अडचण अशी की आंब्याचे अडीच महिने संपल्यावर ते कोल्ड स्टोरेज काय साठवणार, याचं उत्तर कोणाकडे तयार नाही. मासळी, काजू, कोकम सगळं एकत्र बांधलं तर काही जमेल असं मला वाटतं, पण ते एकट्यादुकट्याचं काम नाही, सोसायट्यांचं आहे.

दलालापासून सुटका हवी असेल तर आज तरी कुरिअर, थेट घरपोच गिऱ्हाईक आणि 2018 मध्ये मिळालेला हापूसचा जीआय टॅग (माल ठरावीक भागातलाच असल्याची सरकारी नोंद) वापरून स्वतःच्या नावाची पेटी, हा रस्ता बरा. जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलीत का? नसेल तर पुढच्या सीझनच्या आत ते काम उरका, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणाऱ्यांशी भांडायला तो कागद लागतो.

"जमीन विमानतळात गेली. मुलगा बीएस्सी झालाय. त्याला तिथे नोकरी मिळेल का? कोणाला भेटावं?"
चिपीच्या जवळपासचे एक वाचक

कोणाला भेटावं या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण त्या भेटीत पैसे मागणारेच जास्त भेटतात. विमानतळावर लावून देतो म्हणून कोणी रक्कम सांगितली तर तिथूनच परत फिरा.

नोकऱ्यांचं खरं चित्र असं की दिवसाला एक-दोन विमानांच्या विमानतळावर माणसं फार लागत नाहीत, आणि जी लागतात ती चार वेगवेगळ्या मालकांची असतात. सुरक्षा वेगळी, अग्निशमन आणि टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीचं, चेक-इन आणि सामान विमान कंपनीचं किंवा तिच्या ठेकेदाराचं. यातलं अग्निशमन मला स्थानिक मुलांसाठी सगळ्यात चांगलं वाटतं. विमान येतं-जातं तेव्हा बंब आणि माणसं तयार असल्याशिवाय चालतच नाही, किती बंब हे विमानाच्या आकारावर ठरतं, म्हणजे मोठं विमान आलं की भरतीही वाढते. त्याला फायरचं प्रशिक्षण, शारीरिक चाचणी, आणि जड वाहनाचं लायसन्स असेल तर उत्तम. कुठल्याही कामाला आत जायचा पास लागतो आणि त्यासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा गावातल्या मारामारीत नाव अडकवून घेऊ नको असं चिरंजीवांना आजच सांगा.

आणि मुलगा बीएस्सी कशात? फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन झाला असेल तर चिपीच्या गेटवर कशाला अडकताय, एअरपोर्ट ऑथॉरिटीची एटीसीची, म्हणजे विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरची, परीक्षा देऊ दे त्याला. देशभर बदली होते, पगार चांगला, परीक्षा अवघड आहे पण वशिल्याची नाही. जमीन तुमची गेली म्हणून नोकरी गावातच मिळावी हे म्हणणं रास्त आहे, त्यासाठी भांडाच, पण पोराचं वय त्या भांडणात घालवू नका.

"विमानतळापासून चार किलोमीटरवर घर बांधतोय, वर एक मजला. परवानगी लागते म्हणे?"
वेंगुर्ले तालुक्यातले एक वाचक

लागू शकते. विमानतळाच्या आसपास वीस किलोमीटरपर्यंत उंचीचे नियम असतात, उंची मोजतात ती समुद्रसपाटीपासून घराच्या टोकापर्यंत, म्हणजे सड्याच्या खालच्या वाडीतल्या दुमजली घराला सहसा अडचण येत नाही, पण धावपट्टीच्या सरळ रेषेत असाल तर जपून. एनओसीचा अर्ज ऑनलाइन असतो, त्याला जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची उंची लागते, ती सर्व्हेअरकडून करून घ्या, आधी ग्रामपंचायतीत विचारा. मोबाइल टॉवरवाले गच्ची मागायला आले तर मात्र एनओसी बघितल्याशिवाय सही करू नका. सोलापुरात काय झालं माहितीय ना, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद, आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, शेवटी जून 2023 मध्ये ती पाडली, आणि त्यानंतरही पहिलं नियमित विमान उडालं ते जून 2025 मध्ये. कारखान्याची चिमणी गेली तिथे तुमचा-माझा माळा काय.

जाता जाता, दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर मासळीची घाण, कोंबड्यांची पिसं टाकणं हाही गुन्हा आहे. घारी आणि कावळे जमतात आणि विमानाच्या पंख्यात जातात.

"गावाहून येताना सासूबाई खोबऱ्याच्या वाट्या, आगळ, सुकी मासळी, नारळ सगळं बांधून देतात. विमानात काय चालतं?"
डोंबिवलीच्या एक वाचक

खोबऱ्याच्या वाट्या नाही. हातातल्या बॅगेत नाही आणि आत दिलेल्या बॅगेतही नाही. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं की ते आपोआप तापून पेटू शकतं असं विमानवाले मानतात, पेटणाऱ्या वस्तूंच्या यादीत त्याचं नाव आहे, मशीनवर दिसलं की बॅग उघडायला लावतात आणि मग सासूबाईंचं प्रेम तिथल्या डस्टबिनमध्ये. अख्खा नारळ हातात चालत नाही, आत द्यायच्या बॅगेत जातो, त्याची शेंडी काढून कागदात गुंडाळा. (शबरीमलाच्या यात्रेकरूंना मध्ये हातात नारळ न्यायची तात्पुरती सूट दिली होती, ती तुम्हाला लागू नाही, उगाच वाद घालू नका.) आगळ आणि लोणचं आतल्या बॅगेत, बाटलीचं झाकण सेलोटेपने बंद करून दोन पिशव्यांत. सुकी मासळी नियमाने अडत नाही पण वासाने अडते. सोडे, सुकट, बांगडा जे असेल ते हवाबंद डब्यात, वर पुन्हा पिशवी, तरी काउंटरवरच्या मुलीने नाक मुरडलं तर हसून घ्या. पॉवर बँक याच्या उलट, तो हातातच ठेवायचा.

आणि पंधरा किलो म्हणजे पंधराच. एटीआरमध्ये वरचे कप्पेही लहान असतात, मोठी ट्रॉली बॅग त्यात जात नाही, ती शिडीपाशीच काढून घेतात. वजनकाटा घरी नसेल तर रेशन दुकानात जाऊन मोजा. वाट्या एसटीने किंवा ट्रेनने येणाऱ्या कोणाकडे तरी द्या, चतुर्थीनंतर तुतारीने येणारं एक तरी माणूस प्रत्येक वाडीत सापडतंच.

"आई 81 वर्षांची, गुडघे गेलेत. तिला पुण्याहून विमानाने गावी न्यायचंय. छोट्या विमानात चढणं जमेल का?"
पुण्याचे एक वाचक

जमेल, फक्त तयारी करा. छोट्या विमानतळावर एअरोब्रिज नसतो, विमानापर्यंत चालत किंवा गाडीने जायचं आणि एटीआरची स्वतःची छोटी शिडी असते, पाच-सहा पायऱ्या, एका बाजूला धरायला दोर किंवा दांडा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा आणि त्यात "पायऱ्या चढता येत नाहीत" असा पर्याय वेगळा असतो तो निवडा, नाहीतर ते फक्त शिडीपर्यंत नेतात. निदान 48 तास आधी फोन करून रॅम्प किंवा उचलून न्यायची खुर्ची दोन्ही ठिकाणी, म्हणजे पुण्यालाही आणि चिपीलाही, मिळेल ना ते विचारून घ्या, फोनवर बोललेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा.

सीट मात्र मागची घ्या. बोइंग-एअरबसच्या सवयीने लोक पुढची सीट मागतात, पण एटीआरला प्रवाशांचं दार मागे असतं आणि पुढच्या बाजूला सामान. पुढची सीट घेतलीत तर आईंना त्या अरुंद वाटेतून अख्खं विमान चालावं लागेल. पंख्याच्या रेषेतल्या सीटवर आवाज जास्त, तोही मागे कमी. गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवा, आणि चिपीला उतरल्यावर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, गावातल्याच कोणाची गाडी आधी सांगून ठेवा, कुडाळपर्यंतच पंचवीसेक किलोमीटर आहेत. चतुर्थीच्या आठवड्यात नेणार असाल तर ती गाडी आत्ताच सांगा.